पुरवणीतल्या रेसिपी छान आहेत, पण लेकरू जेवत का नाही ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरची रविवारची पुरवणी आमच्या दुकानात गिऱ्हाईकांच्या हातून फिरत फिरत संध्याकाळी रद्दीत जाते पण त्याच्याआधी मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असते. त्यात मुलांच्या डब्यासाठी रेसिपी असतात. ब्रोकोलीचे कटलेट, ओट्सचं धिरडं, चीज घातलेला पालक पराठा अन त्याच्यावर गाजराचे डोळे, काकडीचं तोंड. चांगल्याच असतील, नाही म्हणत नाही. पण औशाच्या भाजीबाजारात ब्रोकोली कुठं मिळती ते मला तरी माहीत नाही, अन समजा कुणी लातूरहून आणली तरी ज्या लेकराला वरणात मोहरीचा एक दाणा दिसला की ताट ढकलावं वाटतं ते ब्रोकोली खाईल असं कुणी ठरवलं?

माझं म्हणणं एवढंच आहे की लेकरू जेवत नाही त्यात पदार्थाची खोट कमी असते, ताटाच्या भवती जे चाललेलं असतं त्याची जास्त असते, अन त्याच्यावर कुणी लिहीतच नाही. म्हणून हे पत्र.

माझं किराणा दुकान आहे अन घरात चार वर्षांची पोरगी आहे. तिचा मेनू सांगतो. मऊ भात, पिवळं वरण (फोडणी दिलेलं चालत नाही), पोळीला तूप-गूळ, बिस्किट, दूध. भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा सोलून खायचा अन खालचा जाड भाग ताटाच्या कडंला लावून ठेवायचा. भाजीची वाटी ताटाला टेकली तरी "हे काढ" म्हणून रडायचं, खायचं तर सोडाच. माझी आई म्हणती नजर लागली. ती मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन दृष्ट काढती, अन खरं सांगतो दृष्ट काढल्यावर पोरगी चार घास खाती पण! आईला वाटतं बघा उतरली, मला वाटतं रडून अन नाचून तोपर्यंत दोन तास गेलेले असतात, भूक लागणारच की. मी वाद घालत नाही, मिरच्या दुकानातल्याच असतात.

दुकानात बसून मला गावातल्या लेकरांचं अख्खं टाइमटेबल दिसतं. सकाळी उठल्या उठल्या चहा-बटर नाहीतर चहा-खारी, तीन वर्षाच्या लेकराला सुद्धा कपभर चहा. मग दूध. अकराच्या सुमाराला आजोबा नातवाला कडंवर घेऊन येतात, "घरी काहीच खाईना, काहीतरी तर पोटात जाऊ दे" म्हणतात अन नातू माळंतल्या पाकिटाकडं बोट करतो. पाच रुपयाचं पाकीट, तिथंच कट्ट्यावर बसून संपवणार. साडेबाराला तेच लेकरू घरी ताटावर बसलेलं असतं अन त्याची आई हातात घास घेऊन माग माग. चार वाजता पुन्हा बिस्किटपुडा. आता यात भूक लागायला जागा कुठं उरली ते सांगा. मला त्या पाकिटामागं पैसे सुटतात तरी मी हे लिहायलोय, कारण हेच आजोबा दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात की भूक वाढायचं एखादं टॉनिक सांगा.

लातूरला मुलांच्या डॉक्टरकडं गेलो होतो तेव्हा त्यांनी एक साधा हिशोब सांगितला तो सगळ्यांनी ऐकावा असा आहे. जन्मताना साधारण तीन किलोचं लेकरू वर्षाचं होईस्तोवर तिप्पट होतं, म्हणजे नऊ-दहा किलो. पण दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं अन त्याच्यापुढं वर्षाला दोन किलोच्या आसपास. वेगच कमी होतो तर भूक पण कमी होणार. पहिल्या वर्षासारखं दरवर्षी तिप्पट व्हायला लागलं तर तिसऱ्या वाढदिवसाला पोरगं ८१ किलोचं झालं असतं, असं म्हणून डॉक्टर हसले. आपण मात्र वर्षाच्या लेकराची भूक डोक्यात धरून बसतो अन "आधी किती छान खायचं, आता काय झालं काय की" म्हणून हाय खातो.

दुसरं म्हणजे दोन ते सहा वर्षाच्या वयात नवीन दिसणाऱ्या, नवीन वासाच्या खाण्याला लेकरं घाबरतातच. चालायला लागलेलं पोर हाताला येईल तो पाला-बी तोंडात घालू नये म्हणून निसर्गानंच ही भीती ठेवली असावी असं मानतात. ती भीती मोडायला एकच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, बळजबरी न करता, नुसता ताटाच्या कोपऱ्यात. अन आपण काय करतो, दोनदा देतो, तिसऱ्यांदा पाहुण्यांसमोर जाहीर करतो की "आमच्या हिला दोडका बिलकुल आवडत नाही." लेकरू ऐकत असतं. त्याला पण कळतं की आपली ओळख ही आहे.

अमेरिकेत एलिन सॅटर नावाच्या एक आहारतज्ज्ञ बाई होऊन गेल्या की आहेत ते सोडा, त्यांनी केलेली वाटणी जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. काय बनवायचं, कधी वाढायचं अन कुठं बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं का अन किती खायचं हे लेकरानं ठरवायचं. आमच्याकडं नेमकं उलटं आहे, काय बनवायचं ते लेकरू ठरवतं अन किती खायचं ते आजी ठरवती.

दुधाचं पण बोलायला पाहिजे, कारण आमच्याकडं दूध म्हणजे देवच. "जेवली नाही तर काय झालं, दोन मोठे पेले दूध पिली ना" हे वाक्य घरोघरी. दूध चांगलंच आहे पण या वयात दिवसाला चारशे-पाचशे मिली झालं की बास, त्याच्यावर गेलं तर पोट दुधानंच भरतं अन दुधात लोह जवळपास नसतंच. त्यात चहा पाजला की जेवणातलं जे थोडंफार लोह आहे ते पण अंगी लागत नाही. लोह कमी झालं की भूक मरते, भूक मेली की लेकरू पुन्हा दुधावरच, असं ते चक्कर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षाच्या लेकरांपैकी ६८.९ टक्के लेकरांत रक्त कमी निघालं, म्हणजे तीनात दोन. त्याच्या आधीच्या पाहणीत हाच आकडा ५३.८ होता. कमी व्हायचं सोडून वाढला. हा आकडा तुमच्या पुरवणीत रेसिपीच्या वर चौकटीत यायला पाहिजे.

अन दुधात घालायच्या त्या पावडरी. गिऱ्हाईक डबा हातात घेऊन विचारतं "याच्यानं उंची वाढती का हो". केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल २०२४ मधे ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की असली पेयं "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक असा काही प्रकारच नाही. मी डब्याच्या मागं साखर किती लिहिली ते वाचून दाखवतो. निम्मे लोक तरीपण घेतात, घेऊ देत, मी काय दुकान बंद करून बसणार नाही.

आता मोबाइल. शेजारच्या घरात लेकराचं जेवण म्हणजे कार्टून चालू, तोंड उघडं, घास आत, नजर हटत नाही. वाटी रिकामी होती म्हणून आई खूश. पण लेकराला आपण काय खाल्लं, कशाची चव होती, पोट भरलं का नाही काही कळलेलं नसतं, अन रेंज गेली की जेवण बंद. आमच्यात पण हे सुरू व्हायला लागलं होतं तेव्हा बायकोनं स्पष्ट सांगितलं की ताटापाशी मोबाइल दिसला तर मोठ्यांचा पण काढून घेणार. सगळ्यात जास्त त्रास मला झाला, मी जेवताना उधारीचे मेसेज बघायचो.

बळजबरी, लालूच, धाक, हे तिन्ही पण रोजचेच. "दोन घास खा मग चॉकलेट देते" म्हणलं की लेकराच्या डोक्यात पक्कं बसतं की घास ही शिक्षा अन चॉकलेट हे बक्षीस. "बागुलबुवा येईल" म्हणून रडत्या तोंडात घास कोंबला तर ठसका लागून जिवावर बेतू शकतं. याच ओघात सांगतो, चार-पाच वर्षाच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, पळता पळता तर नाहीच नाही. श्वासनळीत अडकतात. शेंगदाणे द्यायचेतच तर कूट करून, चटणी करून द्या, लाडू बांधा. माझ्याकडं कुणी कडंवरच्या लेकराच्या हातात फुटाण्याची पुडी द्यायला लागलं तर मी टोकतो, काही जणांना राग येतो.

एक गंमत झाली ती सांगतो. येळवशीला आमच्या मामाच्या रानात गेलो होतो. तुम्ही मराठवाड्याचे असाल तर सांगायला नको पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, मार्गशीर्षातली ही वेळा अमावस्या लातूर-धाराशिव भागात दिवाळीसारखी असते, गावं ओस पडतात अन सगळे रानात. कडब्याची कोप, पूजा, अन मग भज्जी, आंबील, उंडे, खिचडा. आता भज्जी म्हणजे काय, हरभरा, तूर, वाल, मटार, पालेभाज्या, मिळेल ते सगळं हिरवं बेसन लावून एकत्र शिजवलेलं. म्हणजे आमच्या पोरीला ज्याच्या ज्याच्या नावानं उलटी येती ते सगळं एका भांड्यात! सकाळपासून ती चुलत-मावस भावंडांसोबत ढेकळात पळत होती, मधे खायला काही नव्हतं, दूध नाही, पाकीट नाही, अन आम्ही मोठे सगळे गप्पांत. वळून बघितलं तर पत्रावळीवर मोठ्या बहिणीच्या मांडीला लागून बसलेली, बोटानं भज्जी चाटत, बाजरीच्या उंड्याचा तुकडा बुडवून. बायको उठून कौतुक करायला निघाली तर मामी म्हणाली, "गप बस, बघू नको तिकडं." केवढी शहाणी बाई! त्या दिवशी पोरगीनं आंबील पण पिली.

त्याच्यानंतर घरी आल्यावर बायकोनं गॅसवर हौसेनं भज्जी केली, तर हात पण लावला नाही. म्हणजे भज्जीत जादू नव्हती हो. भूक होती, सोबत होती अन कुणी तोंडाकडं टक लावून बसलेलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही पदार्थाच्या मागं लागायचं सोडलं अन वेळेच्या मागं लागलो. तीन जेवणं अन मधे दोनदा थोडंसं खाणं, मधलं अंतर अडीच-तीन तासांचं, त्या मधल्या वेळात फक्त पाणी. दूध जेवणानंतर, जेवणाच्या ऐवजी नाही, अन पेला लहान केला. चहा बंद. घरात जे शिजलं तेच तिच्या ताटात, चमचाभर, मिरची घालायच्या आधी थोडं बाजूला काढलेलं, अन ताटात एक गोष्ट अशी की जी ती नक्की खाती, भात म्हणा, पापुद्रा म्हणा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, रागवायचं नाही, "बरं, झालं का" एवढंच. पहिले काही दिवस आईचा जीव कासावीस झाला, लेकरू उपाशी निजलं म्हणून तिनं पण जेवण केलं नाही अन मला दोघींचं बघावं लागलं. हे सगळ्यात अवघड काम होतं, पोरीपेक्षा आईला समजावणं. तिला शेवटी काम दिलं. वरणफळं करायला ती नातीला सोबत घेऊन बसती, कणकेच्या लाटीचे तुकडे पोरगी कापती, शंकरपाळ्यासारखे नाहीतर कसेही वाकडेतिकडे, अन स्वतः कापलेलं फळ वरणात कुठं आहे ते हुडकून खाती. फोडणीचं वरण चालत नव्हतं ना, त्यात ते चालायला लागलं. मोहरी अजून बाजूला काढती, काढू दे.

फार मोठा चमत्कार झालेला नाही. मेथी नाही म्हणजे नाहीच. वांग्याला अजून "काळी भाजी" म्हणून तोंड वाकडं करती. चुरमुऱ्याचा सुशीला खाती, धपाट्यातला पालक कळत नाही म्हणून खाती (लपवून घालावं का नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत, माझं मत असं की लपवलेलं चालेल पण उघडं पण ताटात दिसलं पाहिजे नाहीतर सवय कशी लागणार). हुरड्याच्या दिवसांत हुरडा, बोरं, सीताफळ हे तिला सांगावं लागत नाही. जवसाची चटणी तेल टाकून भाकरीला लावली तर अख्खी भाकरी, म्हणजे पापुद्रा अन खालचं पण, अधूनमधून जाती. ज्वारी, तूर, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं, हे सगळं आपल्या रानातलं. २०२३ हे जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा पेपरात ज्वारीच्या पिझ्झ्याची रेसिपी आल्याचं आठवतं. अहो ज्वारीची भाकर तर छापा कधी.

लोकांच्या तोंडाला पण कुलूप पाहिजे. लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक बाई "बारीक दिसायली की वो पोरगी, काही खाऊ घालता का नाही" असं म्हणून जाती अन ते ऐकून घरी आल्यावर त्या दिवशी हमखास कोंबाकोंबी होती. लेकरू बारीक आहे का नाही ते वजनकाटा सांगतो. अंगणवाडीत वजन करून कार्डावर टिपून ठेवतात, आलेख वर जायलाय का नाही ते ताईंना विचारा. वजन बरोबर वाढतंय, लेकरू खेळतंय, झोपतंय, तर दोन दिवस भाजी नाही खाल्ली म्हणून आकाश कोसळत नाही.

पण सगळंच नखऱ्यात काढून पण चालणार नाही. वजन थांबलं किंवा उतरायला लागलं, लेकरू निस्तेज दिसायलं, माती-खडू-भिंतीचा चुना खायलं, गिळताना दर वेळी ठसका लागायला लागला, घट्ट काही चावताच येईना, संडासला खडा होऊन रडायलं, दातात किडीमुळं दुखायलं, किंवा खाण्यातल्या वस्तू दर महिन्याला कमी कमीच होत चालल्या तर सरळ बालरोगतज्ज्ञाला दाखवा. माती खाणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. लोहाचं सिरप सरकारी योजनेत सहा महिने ते पाच वर्षाच्या लेकरांना फुकट आहे, आठवड्यातून दोनदा एक एक मिली, अन जंताची गोळी वर्षातून दोनदा, आशाताईंना विचारायला लाजू नका. अन मेडिकलवरून स्वतःच्या मनानं भुकेचं औषध आणू नका. त्यातल्या काही औषधांत मुळात ॲलर्जीवरचं औषध असतं, त्यानं लेकरू पेंगत राहतं. आमच्या गिऱ्हाईकांत ऊसतोडीला जाणारी माणसं आहेत, त्यांच्या लेकरांचं न खाणं वेगळं असतं, फडात पहाटे जे शिजलं तेच दिवसभर पुरवायचं. तिथं डॉक्टर लवकर भेटत नाही अन वजन कुणी करत नाही. त्या लेकरांना कुणी नखरेल म्हणू नये.

आता तुमच्याकडं अन प्रशासनाकडं मागणं. २०२० साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नियम केलेत की जास्त चरबी, मीठ, साखर असलेलं खाणं शाळेच्या आत अन शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचं नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावात शाळेच्या फाटकावर उभं राहून बघा, ५० मीटर तर लांबच, पाच पावलांवर माळा लटकलेल्या असतात. माझं दुकान त्या हद्दीच्या बाहेर आहे म्हणून सोपं बोलतो असं कुणी म्हणंल, म्हणू दे. मी माळा लेकराच्या हाताला येणार नाहीत अशा उंच टांगल्या अन खाली गूळ अन शेंगदाण्याच्या कुटाच्या चिक्कीची बरणी ठेवली. गल्ला काही बुडला नाही. तुमच्या वार्ताहरांनी टेप घेऊन एकदा मोजून छापावं.

अन पुरवणीत महिन्यातून एकदा तरी आपल्याच भागातल्या बालरोगतज्ज्ञाचं किंवा अंगणवाडी ताईचं लिहिलेलं येऊ द्या, लेकरू का खात नाही यावर. रेसिपीच द्यायची तर वरणफळं द्या, येसराची आमटी द्या, फोटो चांगला आला नाही तरी चालंल.

पत्र फार लांबलं हे मला माहीत आहे. जागा कमी असंल तर येळवशीचं कापा, पण वजन, माती खाणं अन शेंगदाणे घशात अडकायचं जे लिहिलंय त्याला कात्री लावू नका.

आपला वाचक,
एक किराणा दुकानदार
औसा, जि. लातूर